सर्व्हरलेस फंक्शनसाठी स्थानिक मांडणी : आपल्या संगणकावर किती आणि क्लाउडवर किती?

अर्धविराम (धागाकर्ता)

सर्व्हरलेस पद्धतीचे फंक्शन (सर्व्हर स्वतः न सांभाळता क्लाउडवर चालवायचा कोडचा तुकडा) आपल्या संगणकावर कसे चालवून पाहावे, असे कोणी विचारले की उत्तर म्हणून बहुधा एखाद्या साधनाचे नाव मिळते आणि चर्चा तिथेच संपते. साधन बसवायला फार वेळ लागत नाही. पण बसवल्यानंतर त्याने दिलेल्या ‘सर्व ठीक’ या निर्वाळ्यावर कोणत्या बाबतीत विसंबायचे आणि कोणत्या बाबतीत नाही, याचा उलगडा पुढे बराच काळ होत नाही. त्याविषयी इथे बोलावे अशी इच्छा आहे. उदाहरणे मुख्यतः ॲमेझॉनच्या लॅम्डाची घेतो, कारण नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेली, अशी फंक्शन चालवणारी ही सेवा वाचकांना अधिक परिचित असेल. इतर क्लाउडवर काम करणाऱ्यांनी आपापली भर घालावी.

आपण नक्की कशाची नक्कल करू पाहतो आहोत, ते आधी ठरवू. नेहमीच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये एक प्रोसेस सतत चालू असते आणि विनंत्यांची वाट पाहत बसते. इथे तसे काही नसते. एचटीटीपी विनंती येते, रांगेत संदेश पडतो किंवा स्टोरेजमध्ये फाइल चढते, तेव्हा क्लाउड आपला कोड एका छोट्या बंदिस्त वातावरणात उभा करतो आणि घडलेल्या घटनेचे वर्णन, म्हणजे इव्हेंट, जेसन या मजकुरी रचनेच्या रूपात त्याच्या हाती देतो. तो कोड मग शेजारच्या सेवांशी बोलतो, आणि हे बोलणे त्याला नेमून दिलेल्या रोलच्या, म्हणजे भूमिकेच्या, परवानग्यांच्या चौकटीत होते. म्हणजे नक्कल रनटाइमची (कोड ज्यात चालतो त्या वातावरणाची), इव्हेंटची, शेजारच्या सेवांची आणि परवानग्यांची करायची आहे. माझे म्हणणे असे, की या क्रमाने पुढे जावे तसतशी स्थानिक नक्कल कच्ची होत जाते. रनटाइम जवळजवळ हुबेहूब मिळतो. परवानग्या जवळजवळ मिळतच नाहीत. म्हणून संगणकावरच्या मांडणीत कष्ट घ्यायचे ते पहिल्या दोहोंसाठी घ्यावेत आणि उरलेल्या दोहोंसाठी क्लाउडवरच स्वतःचा एक वेगळा कोपरा राखावा.

भाषेची जी आवृत्ती फंक्शनला नेमली आहे तीच संगणकावर असावी, हे वेगळे सांगायला नको. तरी पायथॉनची नवी आवृत्ती संगणकावर आणि जुनी क्लाउडवर, असा प्रकार सर्रास दिसतो. पायएन्व्ह किंवा एनव्हीएमसारख्या साधनाने आवृत्तीची नोंद प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवावी, म्हणजे ती रिपॉझिटरीबरोबर सर्वांकडे जाते. त्यापुढचा टप्पा कंटेनरचा, म्हणजे संगणकाच्या आतच उभ्या केलेल्या बंदिस्त वातावरणाचा. ॲमेझॉनचे सॅम सीएलआय हे टर्मिनलवरील आज्ञांनी चालणारे साधन डॉकरच्या कंटेनरमध्ये लॅम्डासारखे वातावरण उभे करून त्यात आपले फंक्शन चालवते. ‘सॅम लोकल इन्व्होक’ या आज्ञेने फंक्शन एकदा चालते, तर ‘सॅम लोकल स्टार्ट-एपीआय’ ३००० क्रमांकाच्या पोर्टवर एक छोटा एचटीटीपी सर्व्हर उघडून देते.

कंटेनरचे खरे मोल पॅकेजेसच्या बाबतीत कळते. नमपायसारख्या पॅकेजमध्ये कंपाइल केलेला भाग असतो, आणि तो ज्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी व ज्या प्रोसेसरसाठी बनला असेल तिथेच चालतो. मॅकवर किंवा विंडोजवर पॅकेज उतरवून तेच फोल्डर झिप करून वर चढवले, की संगणकावर सुरळीत चाललेला कोड क्लाउडवर इम्पोर्टच्या ओळीतच कोसळतो. ‘सॅम बिल्ड’ या आज्ञेला ‘यूज-कंटेनर’ हा पर्याय दिला तर पॅकेजेस लिनक्सच्या कंटेनरमध्ये बांधली जातात आणि निम्मा घोळ मिटतो. उरलेला निम्मा प्रोसेसरचा आहे : ॲपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक एआरएम जातीचे आहेत, आणि लॅम्डाचे फंक्शन मात्र मुद्दाम सांगितले नाही तर एक्स-८६ वर चालते. २०२१ पासून लॅम्डावर एआरएमही निवडता येते. तेव्हा टेम्प्लेटमध्ये (फंक्शन आणि त्याच्या संसाधनांचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) आर्किटेक्चर स्पष्ट लिहावे आणि बिल्डही त्याच आर्किटेक्चरसाठी करावे.

फाइल सिस्टिमचे दोन फरक ध्यानात ठेवावेत. मॅक आणि विंडोज नेहमीच्या मांडणीत फाइलच्या नावातील लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाहीत, लिनक्स करते. त्यामुळे नावातील एका अक्षराची चूक संगणकावर खपून जाते. शिवाय लॅम्डावर कोडचे फोल्डर फक्त वाचता येते आणि लिहायचे असेल तर ‘टीएमपी’ हे एकच फोल्डर मोकळे असते, तेही मूळ मांडणीत ५१२ एमबीचे. मागितल्यास ते १०,२४० एमबीपर्यंत वाढवून मिळते.

इव्हेंटच्या बाबतीत माझा आग्रह आहे, की जेसन स्वतःच्या मनाने लिहू नये. ‘सॅम लोकल जनरेट-इव्हेंट’ ही आज्ञा निरनिराळ्या सेवांचे नमुने तयार करून देते, पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे क्लाउडवर एकदा खरा इव्हेंट लॉगमध्ये उतरवून घेणे, त्यातील खासगी माहिती काढून टाकणे आणि तो रिपॉझिटरीत चाचण्यांच्या शेजारी ठेवणे. खऱ्या इव्हेंटमध्ये अशा खुब्या असतात ज्या कल्पनेने सुचत नाहीत. एस-थ्री या फाइल साठवण्याच्या सेवेच्या इव्हेंटमध्ये फाइलचे नाव यूआरएलच्या पद्धतीने सांकेतिक होऊन येते, त्यामुळे नावात मोकळी जागा असेल तर तिथे अधिकचे चिन्ह दिसते. हाताने लिहिलेल्या नमुन्यात फाइलचे नाव नेहमी साधे असते आणि ही अडचण चाचणीत कधीच येत नाही. एचटीटीपी विनंत्या फंक्शनपर्यंत पोहोचवणाऱ्या एपीआय गेटवेचेही तसेच आहे. तिथे इव्हेंटच्या १.० आणि २.० अशा दोन रचना आहेत, आणि विनंतीची मेथड, कुकी, हेडर या गोष्टी त्या दोहोंत वेगवेगळ्या पद्धतीने येतात.

राहिली कोडची रचना. इव्हेंट उलगडणे आणि उत्तर बांधणे एवढेच काम हँडलरने, म्हणजे क्लाउड ज्याला थेट हाक मारतो त्या फंक्शनने, करावे. हिशेब, नियम, पडताळणी हे सारे क्लाउडचे नावही ठाऊक नसलेल्या साध्या फंक्शन्समध्ये असावे. तसे केले की दिवसातील बहुतांश काम कंटेनरशिवाय, साध्या युनिट चाचण्यांवर होते आणि बदल करून निकाल पाहण्याला एक-दोन सेकंद लागतात.

शेजारच्या सेवांचे काय, याबद्दल मतभेद आहेत हे मला माहीत आहे. त्याविषयी ऐकायला आवडेल.

रिकामी_रांग

सविस्तर लेखनाबद्दल धन्यवाद. मी या विषयात नवीन आहे, म्हणून एक अगदी प्राथमिक अडचण मांडते. डायनॅमोडीबी या ॲमेझॉनच्या डेटाबेसची संगणकावर चालणारी आवृत्ती मी डॉकरमध्ये ८००० पोर्टवर सुरू केली आहे. ॲमेझॉनच्या नेहमीच्या सीएलआयमधून टेबल तयार होते, दिसते, माझ्या युनिट चाचण्याही त्याच्याशी व्यवस्थित बोलतात. परंतु तेच फंक्शन ‘सॅम लोकल इन्व्होक’ने चालवले की जोडणी नाकारल्याची त्रुटी येते. दुसरे म्हणजे, पर्यावरणीय चलांसाठी (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स) मी वेगळी जेसन फाइल दिली आहे, पण त्यातील एक चल फंक्शनपर्यंत पोहोचतच नाही. दोन्हींचे कारण एकच असेल का?

खुला_कंस

कारणे वेगवेगळी आहेत, आणि दोन्ही फार जणांना छळतात.

पहिल्या अडचणीत ‘लोकलहोस्ट’ या पत्त्याचा अर्थ बदलतो आहे. युनिट चाचणी आपल्या संगणकावर थेट चालते, म्हणून तिच्या दृष्टीने लोकलहोस्ट म्हणजे आपला संगणक. सॅम मात्र फंक्शनला स्वतंत्र कंटेनरमध्ये चालवतो आणि त्या कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, जिथे ८००० पोर्टवर कोणीही बसलेले नाही. उपाय असा : डॉकरचे एक नेटवर्क तयार करावे, डेटाबेसचा कंटेनर त्या नेटवर्कवर एखाद्या नावाने सुरू करावा, सॅमला ‘डॉकर-नेटवर्क’ या पर्यायाने तेच नेटवर्क सांगावे आणि फंक्शनमध्ये पत्ता म्हणून लोकलहोस्टऐवजी त्या कंटेनरचे नाव द्यावे. डॉकर डेस्कटॉपवर यजमान संगणकासाठी ‘होस्ट-डॉट-डॉकर-डॉट-इंटर्नल’ हे खास नावही चालते, पण साध्या लिनक्सवर ते आपोआप मिळत नाही; त्यामुळे अनेक जण मिळून काम करत असतील तर नेटवर्कचा मार्ग बरा. पत्ता कोडमध्ये लिहू नये. ॲमेझॉनच्या एसडीकेंमध्ये (सेवांशी बोलणाऱ्या लायब्ररींमध्ये) २०२३ पासून सेवेचा पत्ता पर्यावरणीय चलातून देण्याची सोय आहे. चल दिले तर स्थानिक डेटाबेस, न दिले तर खरा, आणि कोड दोन्हीकडे तोच.

दुसऱ्या अडचणीचे कारण सॅमच्या एका नियमात आहे. जे चल टेम्प्लेटमध्ये त्या फंक्शनसाठी जाहीर केलेले असते, त्याचेच मूल्य जेसन फाइलमधून बदलता येते. टेम्प्लेटमध्ये नसलेले चल सॅम मुकाट्याने वगळतो. टेम्प्लेटमध्ये त्याचे नाव रिकाम्या मूल्यासह जाहीर केले तरी पुरते.

हे दोन्ही सुटल्यावर तिसरी गंमत भेटण्याची शक्यता आहे. जोडणी होईल, पण फंक्शनला टेबल सापडणार नाही. डायनॅमोडीबीची स्थानिक आवृत्ती ॲक्सेस की (ओळखपत्राची किल्ली) आणि रीजन (क्लाउडचा भौगोलिक विभाग) यांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळा डेटाबेस ठेवते; सीएलआयमध्ये एक की आणि कंटेनरमध्ये दुसरी असेल तर दोघांना दोन वेगळी जगे दिसतात. डेटाबेस सुरू करताना ‘शेअर्ड-डीबी’ हा पर्याय द्यावा.

रिकामी_रांग

तिन्ही गोष्टी जशाच्या तशा लागू पडल्या, तिसरीसुद्धा. आभार.

सांधेकरी

धागाकर्त्यांशी बव्हंशी सहमत आहे, पण शेजारच्या सेवांसाठी सरळ क्लाउडवर जावे हा सल्ला मला घाईचा वाटतो. लोकलस्टॅक हा प्रकल्प अशाच कामासाठी आहे. एकच कंटेनर सुरू केला की ४५६६ पोर्टवर एस-थ्री, एसक्यूएस (संदेशांच्या रांगांची सेवा), डायनॅमोडीबी, लॅम्डा अशा अनेक सेवांची नक्कल मिळते आणि आपली टेम्प्लेट त्यावर जशीच्या तशी उभी करता येते. याचा मोठा लाभ असा, की घटनांची साखळी, म्हणजे फाइल चढली, त्यातून संदेश गेला, रांगेतून दुसरे फंक्शन जागे झाले, ही पूर्ण वाट क्लाउडच्या बिलाशिवाय तपासता येते. सॅम एक फंक्शन चालवतो. फंक्शन एकमेकांना जोडली आहेत की नाहीत, हे तो सांगत नाही. आणि बरेचसे दोष जोडणीत असतात : रांगेचे नाव चुकलेले असते, गाळणीचा नियम उलटा लिहिलेला असतो किंवा ट्रिगर जोडायचाच राहिलेला असतो.

आणखी एक बाब. शिकणाऱ्या व्यक्तीकडे, किंवा कडक नियम असलेल्या कार्यालयात काम करणाऱ्याकडे, मनाला येईल तेव्हा संसाधने तयार करता येतील असे क्लाउड खाते असेलच असे नाही. त्यांनी काय करावे?

त्रयस्थ

सांधेकरी यांचा जोडणीविषयीचा मुद्दा बिनतोड आहे आणि खाते नसलेल्यांसाठी नक्कल हाच मार्ग आहे, हेही मान्य. पण नक्कल यशस्वी झाली म्हणजे काय सिद्ध झाले, हे नीट पाहायला हवे.

लोकलस्टॅक मूळ मांडणीत आयएएमच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या अधिकार-व्यवस्थेच्या, परवानग्या तपासत नाही; ती तपासणी वेगळी सुरू करावी लागते. त्यामुळे रोलमध्ये एकही परवानगी नसलेले फंक्शन तिथे आनंदाने टेबलात लिहिते, आणि तेच फंक्शन क्लाउडवर पहिल्याच ओळीत प्रवेश नाकारल्याचा संदेश देते. सॅमची गोष्ट निराळी असली तरी परिणाम तोच : तिथे फंक्शनच्या हाती आपलीच ओळखपत्रे जातात आणि विकसकाची ओळखपत्रे सहसा भरपूर अधिकारांची असतात. डायनॅमोडीबीची स्थानिक आवृत्ती ठरवून दिलेल्या क्षमतेकडे दुर्लक्ष करते, त्यामुळे क्षमता संपल्याने विनंती परत येण्याचा प्रसंग तिथे कधी येत नाही आणि तो प्रसंग हाताळणारा कोड कधी चालत नाही.

वेळेशी संबंधित वर्तन तर आणखी निसरडे आहे. एसक्यूएसच्या साध्या रांगेत संदेश किमान एकदा पोहोचण्याची हमी असते, म्हणजे तो दोनदाही येऊ शकतो. रांगेची मूळ अदृश्यता-मुदत, म्हणजे एकाने उचललेला संदेश इतरांपासून लपून राहण्याचा काळ, ३० सेकंदांची असते. फंक्शनचे काम त्याहून लांबले, तर पहिले काम चालू असतानाच तोच संदेश दुसऱ्याच्या हाती पडतो. म्हणूनच ही मुदत फंक्शनच्या टाइमआउटच्या किमान सहापट ठेवावी असे ॲमेझॉनचे मार्गदर्शन सांगते. एकट्या संगणकावर, एका वेळी एक संदेश टाकून केलेल्या चाचणीत यातले काहीही दिसत नाही. दहा संदेशांच्या गठ्ठ्यात सातवा बिघडला, तर बिघडलेल्या संदेशांची नावे वेगळी कळवण्याची सोय केलेली नसल्यास सगळे दहा परत येतात. हे प्रत्यक्ष रांगेवर एकदा घडवून पाहावे. वाचून ते पटत नाही.

प्रोसेसरचा वेगही तसाच. लॅम्डावर मेमरीच्या प्रमाणात प्रोसेसर मिळतो. १,७६९ एमबीला एक पूर्ण व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) असे ते प्रमाण आहे. १२८ एमबीच्या फंक्शनला प्रोसेसरचा किती बारीकसा वाटा मिळत असेल ते यावरून काढता येईल. आपल्या आठ-दहा कोअरच्या संगणकावर पाव सेकंदात झालेले काम तिथे मूळच्या तीन सेकंदांच्या टाइमआउटला धडकू शकते.

परवानग्यांसाठी एक मधला मार्ग आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. फंक्शनच्या रोलच्या विश्वास-धोरणात, फक्त विकासाच्या खात्यापुरती, आपल्या ओळखीला तो रोल धारण करण्याची मुभा द्यावी. मग संगणकावरून तो रोल धारण करून, त्याच्या तात्पुरत्या ओळखपत्रांनी कोड चालवावा. कोड संगणकावर, डीबगर हाताशी आणि परवानग्या मात्र नेमक्या फंक्शनच्या. सेवा खऱ्या असल्याने नकारही खरा मिळतो.

सांधेकरी

रोल धारण करण्याची युक्ती उत्तम आहे. बाकी मुद्द्यांबाबत माझे म्हणणे एवढेच, की यांतील बहुतेक दोष क्लाउडवरच्या एकट्याच्या चाचणीतही दिसणार नाहीत. ते भार आल्यावर दिसतात. नक्कलेवर जोडणी तपासून मग क्लाउडवर जाणे यात मला विरोधाभास दिसत नाही. लोकलस्टॅकच्या मूळ मांडणीत कंटेनर बंद केला की त्यातील माहिती पुसली जाते, याचा अनेकांना त्रास वाटतो. मला तो गुण वाटतो. प्रत्येक वेळी कोऱ्या पाटीवरून सगळे स्क्रिप्टने उभे करावे लागते आणि ‘कधीतरी हाताने केले होते’ असे काही शिल्लक राहत नाही.

निळी_शाई

ॲझ्युअर फंक्शन्सबद्दल थोडी भर. तिथे ‘फंक्शन्स कोअर टूल्स’ नावाचे साधन आहे. त्यातील ‘फंक स्टार्ट’ या आज्ञेने सर्व फंक्शन्स ७०७१ पोर्टवर उभी राहतात. लॅम्डापेक्षा मोठा फरक असा, की हा नकली कंटेनर नसून फंक्शन्सचा प्रत्यक्ष होस्टच आपल्या संगणकावर चालतो, त्यामुळे ट्रिगर (फंक्शन जागे करणारी घटना) आणि बाइंडिंग (इतर सेवांशी जोडणी) यांचे वर्तन बरेच विश्वासार्ह असते. एचटीटीपी सोडून बहुतेक ट्रिगरना स्टोरेज खाते लागते. त्यासाठी ॲझ्युराइट हे नक्कल-साधन वापरतात. ते ब्लॉब, रांग आणि टेबल यांसाठी अनुक्रमे १००००, १०००१ आणि १०००२ हे पोर्ट घेते.

स्थानिक सेटिंग्जची एक जेसन फाइल असते आणि तिच्यात जोडणीची गुपिते असतात. नवा प्रकल्प तयार करताना ती गिटच्या वगळण्याच्या यादीत आपोआप जाते. ती तिथून कोणी काढू नये. ती फाइल डिप्लॉयबरोबर वर जात नाही, म्हणून संगणकावर चालणारे फंक्शन वर गेल्यावर सेटिंग सापडत नाही म्हणून थांबते. ही पहिल्या डिप्लॉयची ठरलेली अडचण समजावी.

दोन गोष्टी मात्र जपून. संगणकावर चालवताना फंक्शनच्या किल्ल्या तपासल्याच जात नाहीत. पातळी कोणतीही लिहिलेली असो, विनंती आत येते. त्यामुळे ‘माझ्याकडे किल्लीशिवाय चालते’ याचा अर्थ काहीच नाही. दुसरी गोष्ट अधिक गोंधळाची आहे. स्थानिक फंक्शन खऱ्या रांगेला जोडले आणि त्याच रांगेवर क्लाउडवरचे फंक्शनही चालू असेल, तर संदेश दोघांत वाटले जातात. आपण ब्रेकपॉइंट लावून बसलेले असतो आणि आपला संदेश क्लाउडवरचे फंक्शन केव्हाच घेऊन गेलेले असते. प्रत्येक विकसकाची रांग वेगळी असावी, किंवा वरचे फंक्शन तेवढ्यापुरते बंद ठेवावे.

वळणवाट

क्लाउडफ्लेअर वर्कर्सची तऱ्हा पुन्हा निराळी. तिथे कंटेनर नाहीत, व्ही-८ या जावास्क्रिप्ट इंजिनची आयसोलेट्स (एकमेकांपासून विलग कप्पे) आहेत, आणि वर्करडी हा त्यांचा रनटाइम २०२२ पासून मुक्त स्रोत आहे. ‘रँगलर डेव्ह’ ही आज्ञा तोच रनटाइम ८७८७ पोर्टवर चालवते, त्यामुळे धागाकर्त्यांच्या क्रमातील पहिली पायरी इथे सर्वांत भक्कम आहे. फसगत होते ती शेजारच्या सेवांत. केव्ही (की-व्हॅल्यू) साठवणीत लिहिलेले मूल्य संगणकावर लगेच वाचता येते. खऱ्या जाळ्यात ते इतर ठिकाणी दिसायला ६० सेकंद किंवा अधिक लागू शकतात. लिहिल्याबरोबर परत वाचणारा कोड स्थानिक चाचणीत कायम उत्तीर्ण होतो.

गूगलकडे फंक्शन्स फ्रेमवर्क नावाची छोटी लायब्ररी आहे, ती फंक्शनभोवती ८०८० पोर्टवर साधा एचटीटीपी सर्व्हर गुंडाळते. पबसब (संदेशांची सेवा) आणि फायरस्टोर (डेटाबेस) यांचे एम्युलेटर वेगळे मिळतात. त्यापलीकडे सांगण्यासारखे फारसे नाही, कारण शेवटी तो एक कंटेनर असतो.

किल्लीदार

ओळखपत्रे आणि खर्च यांचा विचार मांडणीच्या पहिल्याच दिवशी व्हायला हवा, म्हणून लिहितो.

कायमस्वरूपी ॲक्सेस की संगणकावरील फाइलमध्ये ठेवण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. सीएलआयमध्ये एकच-साइन-इनची सोय आहे. तिने मिळणारी ओळखपत्रे काही तासांची असतात आणि हरवली तरी नुकसान मर्यादित राहते. विकासाचे खाते उत्पादनाच्या खात्यापासून पूर्ण वेगळे असावे आणि टर्मिनलवर सध्या कोणते प्रोफाइल चालू आहे ते प्रॉम्प्टमध्येच दिसावे. ‘डिफॉल्ट’ नावाचे प्रोफाइल रिकामे ठेवणे ही माझी शिफारस आहे : प्रोफाइल सांगायला विसरलो, तर आज्ञा चुकीच्या खात्यावर चालण्याऐवजी थांबते.

खर्चाबाबत नवशिक्यांची भीती आणि बेफिकिरी दोन्ही चुकीच्या जागी असतात. लॅम्डाच्या मोफत मर्यादेत दरमहा १० लाख विनंत्या आणि ४,००,००० जीबी-सेकंद (मेमरी गुणिले चालण्याचा वेळ) येतात. एका विकसकाच्या चाचण्यांनी ती ओलांडणे कठीण. धोका चक्राचा असतो. एस-थ्रीच्या एका बकेटमध्ये (साठवणीच्या कप्प्यात) फाइल आली की जागे होणारे फंक्शन आपला निकाल त्याच बकेटमध्ये लिहिते, त्या निकालाने पुन्हा जागे होते आणि हे अखंड चालू राहते. ॲमेझॉनने २०२३ मध्ये एसक्यूएस व एसएनएस (संदेश-प्रसारणाची सेवा) यांसाठी असे चक्र ओळखून साधारण १६ फेऱ्यांनंतर थांबवण्याची सोय आणली आणि पुढे तीत एस-थ्रीचाही समावेश केला. तरी वाटेत दुसरी एखादी सेवा असेल तर चक्र ओळखले जाईलच असे नाही. निकालासाठी बकेट वेगळी ठेवणे हाच पक्का उपाय. बजेटचा इशारा जरूर लावावा, पण तो इशारा आहे, कुलूप नव्हे. बिलाची माहितीच काही तास उशिरा येते. धावत सुटलेले फंक्शन तातडीने थांबवायचे असेल तर त्याची राखीव समांतरता (एका वेळी चालू शकणाऱ्या प्रतींची संख्या) शून्य करावी.

एक किरकोळ पण चिवट खर्च लॉगचा. क्लाउडवॉच या लॉग साठवणाऱ्या सेवेतील लॉग, मुदत सांगितली नाही तर, कधीच पुसले जात नाहीत. टेम्प्लेटमध्येच विकासासाठी काही दिवसांची मुदत लिहून टाकावी.

अर्धविराम

सर्वांचे मनापासून आभार. सांधेकरी यांच्या आग्रहामुळे मी माझ्या मूळ भूमिकेत एक दुरुस्ती करतो : जोडणी तपासण्यासाठी, विशेषतः सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत), नक्कल-साधनाला जागा आहे. मात्र त्या टप्प्यावर उत्तीर्ण झालेला बदल मुख्य शाखेत जाण्यापूर्वी खऱ्या खात्यावर एकदा उभा राहिलाच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

क्लाउडवरचा स्वतःचा कोपरा म्हणजे काय, हे थोडे स्पष्ट करतो. प्रत्येक विकसकाने तीच टेम्प्लेट स्वतःच्या नावाच्या वेगळ्या स्टॅकमध्ये (टेम्प्लेटमधून उभ्या राहणाऱ्या संसाधनांच्या संचात) उभी करायची. टेबल, रांगा, रोल सगळे प्रत्येकाचे वेगळे. यासाठी टेम्प्लेटमध्ये संसाधनांची नावे ठोकून बसवलेली नसावीत, नाहीतर दुसरा स्टॅक पहिल्याशी भांडतो. ‘सॅम सिंक’ला ‘वॉच’ हा पर्याय दिला, की फाइल जतन करताच फक्त बदललेला कोड थेट फंक्शनवर चढतो. टेम्प्लेटमधून संसाधने उभी करणाऱ्या क्लाउडफॉर्मेशनची पूर्ण फेरी टळल्याने हे काही सेकंदांत होते. ही आज्ञा विकासापुरतीच आहे, उत्पादनाच्या स्टॅकवर ती चालवू नये. शेजारच्या खिडकीत ‘सॅम लॉग्ज’ला ‘टेल’ देऊन लॉग वाहते ठेवले, तर डीबगरची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. दिवसअखेर स्टॅक पाडून टाकण्याची मी सक्ती करत नाही, कारण रिकाम्या फंक्शनला पैसे पडत नाहीत आणि रिकाम्या रांगेला पडले तरी नगण्य. पण टेम्प्लेटमध्ये नॅट गेटवे किंवा नेहमीचा डेटाबेस असेल तर त्यांचे मीटर रात्रभर चालू राहते, तेव्हा ते जरूर पाडावेत.

विंडोजवाल्यांसाठी एक वाक्य : डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आत चालणारे लिनक्स) वापरत असाल तर प्रकल्पाचे फोल्डर लिनक्सच्या बाजूला ठेवा, विंडोजच्या ड्राइव्हवर नव्हे, तिथे बिल्ड संथ होतो आणि फाइलमधील बदल वेळेवर लक्षात येत नाहीत.

रिकामी_रांग

शेवटचा प्रश्न. माझ्या फंक्शनमध्ये हँडलरच्या बाहेर एक यादी आहे आणि हँडलर तिच्यात नोंदी घालतो. सॅमवर दरवेळी अपेक्षित निकाल येतो, पण माझ्या स्टॅकवर दुसऱ्या-तिसऱ्या विनंतीपासून आधीच्या विनंतीच्या नोंदीही उत्तरात दिसतात. कोड अक्षरशः एकच आहे.

खुला_कंस

सॅम मूळ मांडणीत प्रत्येक विनंतीसाठी नवा कंटेनर उघडतो, म्हणून आपली यादी तिथे दरवेळी कोरी असते. लॅम्डा तयार झालेले वातावरण पुढच्या विनंत्यांसाठी पुन्हा वापरतो आणि हँडलरबाहेरची प्रत्येक गोष्ट त्यात तशीच राहते. डेटाबेसची जोडणी किंवा एसडीकेचा क्लायंट बाहेर ठेवणे यामुळेच फायद्याचे ठरते. विनंतीची माहिती मात्र बाहेर ठेवू नये, कारण एका वापरकर्त्याची नोंद दुसऱ्याच्या उत्तरात जाऊ शकते. यादी हँडलरच्या आत हलवा. असा दोष पुढे संगणकावरच पकडायचा असेल, तर ‘सॅम लोकल स्टार्ट-एपीआय’ला ‘वॉर्म-कंटेनर्स’ हा पर्याय ‘लेझी’ मूल्यासह द्या. कंटेनर पहिल्या विनंतीला उघडतो आणि पुढच्या विनंत्यांसाठी तोच राहतो. त्यानंतर एकच विनंती लागोपाठ दोनदा पाठवून दोन्ही उत्तरे सारखी आहेत ना, एवढी एक चाचणी लिहून ठेवा.